साडेचार सेंटिमीटरचं प्रकरण

एका गृहस्थांचा हा प्रवास. कामानिमित्त आठवडाभराचा दौरा, सामान थोडकं, त्यामुळे चेक-इन करायचंच नाही असं ठरवून निघालेले. टप्पे दोन. पहिला लांबचा, मोठ्या विमानाचा, पूर्ण सेवा देणाऱ्या कंपनीचा. दुसरा जेमतेम दीड तासाचा, स्वस्त तिकिटांच्या कंपनीचा. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली. दुसऱ्या कंपनीच्या मूळ तिकिटात सीटखाली मावेल एवढी छोटी पिशवीच नेता येते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून वरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेचे जादा पैसेही त्यांनी आधीच भरले होते. अटी न वाचता विमानतळावर येऊन भांडणारा हा प्रवासी नव्हे. म्हणूनच हे प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं वाटलं.

पहिल्या विमानात बॅग निमूट वर गेली. दुसऱ्याच्या गेटवर रांगेतून तिघाचौघांना बाजूला घेतलं, त्यात हेही होते. तिथे लोखंडी पट्ट्यांचा तो मापाचा सांगाडा. मर्यादा ५५×४०×२० सेमी, वजन १० किलो. बॅग उभी घातली तर अर्ध्यात अडकली. आडवी करून पाहिली, तेच. उलटी करून दाबली तेव्हा चाकांच्या बाजूने आत शिरली आणि पुढच्या कप्प्याच्या फुगवट्याशी पुन्हा थांबली. मागे रांग खोळंबलेली. कर्मचाऱ्याने टॅग काढला, गेटवरचं शुल्क सांगितलं. ते आधी भरलेल्या पैशांपेक्षा बरंच जास्त होतं.

गृहस्थांनी तीन मुद्दे मांडले. एक, बॅगेच्या लेबलवर ‘केबिन साइज, ५५×३८×२०’ असं छापलंय. दोन, आताच्याच विमानातून हीच बॅग केबिनमध्ये आली. तीन, आंतरराष्ट्रीय नियमानुसार ५६×४५×२५ चालते. तिन्ही मुद्दे ऐकायला बिनतोड आहेत आणि तिन्ही लंगडे आहेत. कर्मचाऱ्याने वाद घातला नाही, फक्त सांगाड्याकडे बोट दाखवलं. पैसे भरले गेले, बॅग विमानाच्या पोटात गेली.

लेबल आणि टेप

परत आल्यावर ती बॅग टेपने मोजली. मोजायची पद्धत सोपी आहे. बॅग भरलेली हवी, जशी न्यायची तशीच. ती भिंतीला टेकवून उभी करायची, वर एक जाड पुस्तक सपाट धरायचं आणि पुस्तकाखालच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. म्हणजे चाकं आणि वरची मूठ आपोआप मापात येतात. जाडीसाठी बॅग आडवी करून तेच करायचं.

उंची भरली ५७ सेमी. लेबलवरचे ५५ हे बहुधा चाकांच्या वरून घेतलेलं माप. रुंदी ३८.५. जाडी रिकामी असताना २०.५, आणि गेटवर होती तशी भरून २४.५. वीसच्या मर्यादेवरचे हे साडेचार सेंटिमीटर आले कुठून? अर्धा बॅगेचाच, बाकीचे चार पुढच्या कप्प्यातून. चार्जर, पॉवर बँक, कागदांची फाइल, दाढीचं सामान. सुरक्षा तपासणीत आणि विमानात हाताशी लागणाऱ्या वस्तू सगळे तिथेच कोंबतात, कारण मुख्य चेन उघडावी लागत नाही. बॅग विकत घेताना तो कप्पा सोयीचा वाटतो. सांगाड्यात अडकतो तोच.

उंचीच्या दोन सेंटिमीटरांवर कोणी बोट ठेवलं नाही, कारण सांगाडा बहुधा वरून उघडा असतो. बॅग त्यात बसली आणि चाकं थोडी वर डोकावली, तर बरेचदा कानाडोळा होतो. जाडीला मात्र दोन्हीकडून लोखंडी पट्टी असते आणि तिथे अर्ध्या सेंटिमीटरचाही वाद घालता येत नाही. जाते किंवा जात नाही. म्हणून बॅग घेताना मी तरी आधी जाडी बघेन. आपण मात्र दुकानात उभे राहून उंची बघतो.

कापडी की टणक, हा प्रश्नही इथेच सुटतो. टणक कवचाच्या बॅगेला फुगवटा येत नाही, पण ती एका मिलिमीटरनेही दबत नाही. कापडी बॅग दबते, मात्र दबण्यासाठी आत जागा रिकामी लागते. गृहस्थांची बॅग कापडी होती. पुढचा कप्पा मोकळा केल्यावर २०.५ ची जाडी हाताने दाबून वीसच्या फटीत आरामात बसली. म्हणजे दोष बॅगेचा कमी आणि भरण्याचा जास्त होता. चाकांबद्दल एक जाता जाता: चाकं आणि ओढायच्या दांड्याच्या नळ्या आतली जागा खातातच, शिवाय अशी रिकामी बॅगच अडीच-तीन किलोंची भरते. जिथे मर्यादा सात किलोंची असते, तिथे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वजन बॅग स्वतःच पटकावते.

एकशे पंधराचा घोळ

बऱ्याच कंपन्यांच्या मापांची बेरीज केली की ११५ येते. एमिरेट्स ५५×३८×२२, एअर फ्रान्स ५५×३५×२५, कॅथे पॅसिफिक ५६×३६×२३. तिन्हींची बेरीज ११५. सिंगापूर एअरलाइन्स तर तीन बाजू वेगळ्या देतच नाही, बेरीज ११५ सेमीच्या आत असावी एवढंच सांगते. या प्रकरणातल्या दुसऱ्या कंपनीचं ५५×४०×२०, तेही ११५. त्यामुळे प्रवाशाच्या डोक्यात ‘११५ म्हणजे केबिन बॅग’ असं पक्कं बसतं.

पण बेरीज सांगाड्यात घालता येत नाही. एअर फ्रान्सच्या मापाची पुरेपूर, ५५×३५×२५ ची बॅग घ्या. वीस सेंटिमीटरच्या फटीत ती कधीच जाणार नाही. उलट ५५×४०×२० ची बॅग ३५ च्या रुंदीत अडेल. दोन्ही ११५ च्याच, दोन्ही आपापल्या ठिकाणी कायदेशीर आणि एकमेकींच्या ठिकाणी बेकायदा. घनफळही सारखं नाही. पहिलीत ४८ लिटर मावतं, दुसरीत ४४. ब्रिटिश एअरवेजच्या ५६×४५×२५ मध्ये ६३ लिटर. लुफ्तान्साच्या ५५×४०×२३ मध्ये साधारण ५०, पण वजन ८ किलोच, तर ब्रिटिश एअरवेजमध्ये २३ किलो. ‘स्टँडर्ड केबिन बॅग’ म्हणतात ती नेमकी कुठली, याचं एकच उत्तर देता येत नाही. एकापेक्षा जास्त कंपन्यांनी जायचं असेल तर प्रत्येक बाजूचं सगळ्यांत लहान माप घ्यावं लागतं. वर नावं घेतलेल्या कंपन्या आणि या प्रकरणातली दुसरी, सगळ्यांना एकत्र धरलं तर ते ५५×३५×२० होतं, म्हणजे साडेअडतीस लिटर.

आणि गंमत अशी की हेच माप एकदा जगभर लागू होता होता राहिलं. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा हिने जून २०१५ मध्ये मायामीच्या वार्षिक सभेत नेमकं ५५×३५×२० हे माप सुचवलं. या मापाच्या बॅगांवर ‘केबिन ओके’ असा शिक्का असेल आणि १२० किंवा त्याहून जास्त आसनांच्या विमानात प्रत्येकाची एक बॅग मावेल, असा हिशोब होता. विशेषतः उत्तर अमेरिकेत गदारोळ झाला. लोकांच्या घरातल्या बॅगा एका रात्रीत मोठ्या ठरणार होत्या, आणि तिथल्या कंपन्यांनीही हात वर केले. जेमतेम आठवडाभरात आयाटाने योजना थांबवली. गणित बरोबर असूनही ती योजना बुडाली, हे मला अजून खटकतं.

गृहस्थांचा ‘आंतरराष्ट्रीय नियम’ यातूनच आलेला. ५६×४५×२५ हे आयाटाचं जुनं मार्गदर्शक माप आहे. आयाटा ही कंपन्यांची संघटना आहे, सरकार नव्हे. तिचं माप कोणत्याही कंपनीवर बंधनकारक नाही. प्रवाशाला बांधतो तो त्याच्या तिकिटामागचा करार, आणि त्या करारात २० लिहिलेलं असेल तर २०.

आधीच्या विमानात चाललं, मग इथे का नाही?

गृहस्थांच्या तीन मुद्द्यांपैकी हा सगळ्यांत जवळचा वाटणारा. पण पहिल्या कंपनीची मर्यादाही ५५×४०×२३, ८ किलो अशीच होती. बॅग २४.५ जाड होती आणि वजनही बहुधा आठच्या वर असावं. तिथेही ती बसत नव्हतीच. ती चालली असं नव्हे, ती मोजलीच गेली नाही. ऑनलाइन चेक-इन केल्यामुळे काउंटरवर कोणी वजन केलं नाही, आणि रुंद विमानाच्या खोल कप्प्यांत ती सहज गेली. एकदा न मोजलेली बॅग पुढच्या गेटवर परवाना म्हणून दाखवता येत नाही.

दोन कंपन्यांच्या वागण्यात फरक पडतो त्याचं मूळ कप्प्यांच्या टंचाईत आहे. मे-जून २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच चेक-इन बॅगेवर शुल्क लावायला सुरुवात केली आणि इतर मोठ्या अमेरिकी कंपन्या एकेक करून त्याच वाटेने गेल्या. लोकांनी व्यवहारी उत्तर काढलं: बॅग घेऊन वरच चढायचं. कप्पे आधीचेच, बॅगा वाढल्या. बोइंगने नंतर ७३७ साठी जे नवे कप्पे आणले त्यांत बॅग आडवी न ठेवता पुस्तकासारखी कडेवर उभी राहते. त्यामुळे जिथे चार मावायच्या तिथे सहा मावू लागल्या. पण बॅग कडेवर उभी राहायची तर तिची जाडी ठरलेल्या मापात हवी. पाच बॅगा २३ च्या आणि एक २७ ची, तर सहावीला जागा नाही आणि झाकण बंद होत नाही. गेटवरच्या त्या लोखंडी फटीमागचं खरं कारण एवढंच आहे. शुल्काची कमाई त्यावर स्वार झाली, हेही तितकंच खरं.

स्वस्त कंपनीला आणखी एक घाई असते. विमान जमिनीवर अर्ध्या तासात रिकामं होऊन पुन्हा भरलं पाहिजे. कप्पे भरल्यावर शेवटच्या वीस जणांच्या बॅगा उलट्या दिशेने खाली पाठवायच्या म्हणजे ती अर्ध्या तासाची शिस्त मोडते. म्हणून मोजमाप विमानात नाही, गेटवर होतं.

कायदा कुठवर साथ देतो

गृहस्थांनी नंतर ग्राहक म्हणून तक्रार केली तेव्हा त्यांना कोणीतरी युरोपीय न्यायालयाच्या निकालाचा आधार सुचवला. सप्टेंबर २०१४ मध्ये व्हुएलिंग या स्पॅनिश विमान कंपनीच्या खटल्यात त्या न्यायालयाने म्हटलं होतं, की चेक-इन सामानाला वेगळे पैसे घेता येतील, पण हातातलं सामान हा प्रवासाचा अपरिहार्य भाग आहे, त्यावर जादा आकार लावता येणार नाही. मात्र एक अट: वजन आणि माप वाजवी असलं पाहिजे. वाजवी म्हणजे किती, हे सेंटिमीटरमध्ये सांगितलं नाही. त्या मोकळ्या जागेत अजून भांडणं चालू आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला, त्यात हातातल्या सामानावरचं शुल्क हा एक मुद्दा होता. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. २०२५ मध्ये युरोपातल्या कंपन्यांच्या संघटनेने सीटखालच्या फुकट पिशवीसाठी किमान ४०×३०×१५ हे माप मान्य केलं, आणि रायनएअरने आपलं ४०×२०×२५ वाढवून ४०×३०×२० केलं, म्हणजे २० लिटरचे २४ झाले.

पण या प्रकरणात हा आधार कामाचा नाही. गृहस्थांची तक्रार ‘बॅगेचे पैसे का घेतले’ अशी नव्हतीच, ते त्यांनी आधीच राजीखुशीने भरले होते. बॅग पैसे भरलेल्या मापाहून जाड होती, प्रश्न एवढाच. गेटवरच्या शुल्काचा परतावा नाकारला गेला आणि तो नाकारणं मला योग्यच वाटतं. आधी भरलेली रक्कम तरी नव्या शुल्कातून वजा करायला हवी होती, असं माझं मत आहे. कंपनीच्या अटी तसं म्हणत नव्हत्या.

टॅग लागल्यानंतर

आता प्रकरणाची दुसरी बाजू, जिच्याकडे गेटवरच्या रागात कोणाचं लक्ष जात नाही.

टॅग बांधण्याआधी कर्मचाऱ्याने एकच प्रश्न विचारला: आत पॉवर बँक आहे का? होती, त्याच पुढच्या कप्प्यात. २०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॉट-अवर. १०० वॉट-अवरपर्यंतच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये नेता येतात, १०० ते १६० च्या असतील तर कंपनीची परवानगी घेऊन, त्यावरच्या नाहीतच. विमानाच्या पोटात बॅटरी पेटली तर तिथपर्यंत हात पोहोचत नाही, केबिनमध्ये पोहोचतो. म्हणून गेटवर बॅग खाली जात असेल तर बॅटऱ्या काढून घेणं बंधनकारक असतं. गृहस्थांनी पॉवर बँक आणि लॅपटॉप काढला. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र बॅगेतच राहिल्या. उड्डाण दीड तासाचं होतं म्हणून निभावलं, बॅग चुकली असती तर दुसऱ्या दिवसापासून पंचाईत होती.

पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवण्याबद्दलही आता नियम कडक होत आहेत. २८ जानेवारी २०२५ ला बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. तपासात वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर संशय आला, आणि मार्चपासून दक्षिण कोरियाने पॉवर बँका वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. थोडक्यात, ती वस्तू ट्रॉली बॅगेच्या पुढच्या कप्प्यात असायलाच नको होती. सीटखालच्या पिशवीत असती तर जाडीचा एक हिस्सा तिथेच कमी झाला असता.

बेल्टवर बॅग आली तेव्हा ओढायचा दांडा वर येईना. एक नळी वाकली होती. इथे गृहस्थांनी शहाणपणा केला. बाहेर न पडता सामानाच्या काउंटरवर गेले, लेखी नोंद करून घेतली (पीआयआर म्हणतात तिला), टॅगचा तुकडा आणि दांड्याचा फोटो जपला. नुसती ती नोंद म्हणजे दावा नव्हे, हेही कोणीतरी सांगितलं म्हणून तीन-चार दिवसांत वेगळा लेखी दावा पाठवला. विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार नुकसान झालेल्या सामानाची तक्रार ताबा मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. उशिरा आलेल्या सामानासाठी एकवीस दिवस.

आणि याच करारात एक बारीक उलटापालट आहे. बॅग तुमच्या हातात असेल, वरच्या कप्प्यात तिच्यावर काही आदळून ती फुटली, तर कंपनीची चूक होती हे दिसावं लागतं. तीच बॅग टॅग लागून खाली गेली की कंपनीच्या ताब्यात झालेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार, चूक सिद्ध करायची गरज नाही. बॅगेतच मुळात दोष असेल तर गोष्ट वेगळी. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे. म्हणजे गेटवर ज्या टॅगसाठी गृहस्थ भांडत होते, त्याच टॅगने त्यांचा दांड्याचा दावा भक्कम केला.

कंपनीने आधी छापील उत्तर पाठवलं: चाकं, हँडल, दांडे यांची झीज आमच्या जबाबदारीत येत नाही. गृहस्थांनी दोन ओळींचं उत्तर दिलं. वाकलेली नळी ही झीज नाही, आणि माँट्रियल करारातली जबाबदारी कमी करणारी अट त्याच्याच कलम २६ प्रमाणे टिकत नाही. दुरुस्तीचं बिल जोडलं. महिनाभराने बिलाची रक्कम आली. शुल्क गेलं ते गेलंच.

परतीच्या प्रवासात त्याच कंपनीच्या गेटवर बॅग पुन्हा सांगाड्यात घालावी लागली. या वेळी पुढचा कप्पा रिकामा होता, चार्जर आणि फाइल लॅपटॉपच्या पिशवीत, दाढीचं सामान मुख्य कप्प्याच्या कोपऱ्यात, जाड जॅकेट अंगावर. बॅग दाबून आत गेली, चाकं दोन सेंटिमीटर वर राहिली, कोणी काही म्हटलं नाही. पुढच्या दौऱ्यात त्यांचा एक टप्पा एटीआरसारख्या पंख्याच्या छोट्या विमानाचा आहे. तिथले कप्पे एवढे आखूड असतात की मापात बसणारी ट्रॉलीही बरेचदा पायऱ्यांपाशीच घेतली जाते. तिथे हा सगळा सेंटिमीटरांचा हिशोब लागू होत नाही. गोळ्या आणि पॉवर बँक आधीच वेगळ्या पिशवीत असल्या की झालं.